भांड्यांची पाळी कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २६ वर्षांची एक मुलगी आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेली सहा वर्षं सेवा करते: जेवणावळीनंतरची भांडी, आजाऱ्यांच्या भेटी, शब्बाथशाळेची (रविवारच्या बायबलवर्गाची) मुलं. कोणी नाव घेतलं नाही की तिला चीड येते. घेतलं की बरं वाटतं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते. एकदा तिने ‘दर वेळी मीच का?’ असं विचारलं, तेव्हा कमिटीतल्या एकांनी सुनावलं, ‘सेवकाने तक्रार करू नये, दीन व्हावं.’ तिला विचारायचंय, खरी दीनता शिकायची कशी आणि निःस्वार्थ सेवा म्हणजे नेमकं काय.

मी पस्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यांत नर्स होते, त्यातली अकरा कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात. आता निवृत्त आहे. मंडळीतली जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत त्यांच्याकडे जाते. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. वयाने तुझ्या आजीच्या जवळपास असेन, म्हणून ‘तू’ म्हणते.

आधी त्या कमिटीतल्या गृहस्थांचं बोलणं बाजूला काढू, कारण ते डोक्यात घोळत असेपर्यंत बाकीचं ऐकू येणार नाही. स्वतः भांड्याला हात न लावता भांडी घासणारीला ‘दीन हो’ म्हणायला शास्त्राचा आधार नाही. येशूने शिष्यांना पाय धुवायला सांगितलं ते स्वतः सगळ्यांचे पाय धुऊन झाल्यावर, आणि त्याचा शब्द होता ‘एकमेकांचे’. ते गृहस्थ कदाचित बायबलमधल्या, शिष्य पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढतील. तरुणांनी वडिलांच्या अधीन असावं, असं तिथे आहे खरं. त्यांना म्हणावं, त्याच वचनाचा पुढचा भाग वाचा, तिथे सर्वांनी एकमेकांशी नम्रतेने वागायला सांगितलंय. आणि दोन वचनं मागे जा, तिथे वडिलांनाच बजावलंय की कळपावर धनीपण चालवू नका.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात येसकर होते. घुंगराची काठी घेऊन गावाची राखण करायची, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, मेलेलं जनावर ओढून न्यायचं, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात कोसच्या कोस चालायचं आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. हे काम पाळीने यायचं, येसकराची पाळी म्हणायचे. पण पाळी फिरायची ती महारवाड्यातल्याच घरांतून. गावात ती कधी शिरली नाही. आजोबांचा बाप्तिस्मा झाला तरी पाळी सुटली नव्हती. ही वतनं कायद्याने रद्द झाली १९५८ साली, मी त्याच्या आदल्या वर्षी जन्मले. कायदा झाला तरी सवय राहिली. म्हातारपणीसुद्धा पाटलाच्या पोरसवदा मुलासमोर आजोबा कमरेत वाकून जोहार घालायचे. रविवारी पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, उपदेशात ‘दीन व्हा, लीन व्हा’ म्हणाले की आजोबा मान डोलवायचे. मी शेजारी बसलेली असायचे आणि मला वाटायचं, अजून किती?

हे सांगते कारण आपल्या मराठी मंडळ्यांत हा गोंधळ हाडात मुरलेला आहे. किती तरी बाकांवर अशी माणसं बसलेली असतात ज्यांच्या आज्या-आजोबांची मान दुसऱ्यांनी वाकवली होती. आणि बायकांचं तर काय, जात कुठलीही असो. स्वतःहून वाकलेली मान आणि वाकवलेली मान यांतला फरक मला कळायला तिशी उलटावी लागली.

तो कळला योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातून. पाय धुण्याची गोष्ट आपण चौथ्या वचनापासून वाचतो: तो भोजनावरून उठला, बाह्यवस्त्र काढलं, रुमाल कमरेला बांधला. आमच्या एका वयस्कर सिस्टरांनी मला एकदा त्याच्या आधीचं वचन मोठ्याने वाचायला लावलं. एकदा वाचलं, तर म्हणाल्या, पुन्हा वाच. पित्याने आपल्या हाती सर्व काही दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार आहोत, हे त्याला ठाऊक होतं. हे ठाऊक असताना तो उठला. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं. रिक्त करायला भांडं आधी भरलेलं लागतं. आजोबांना ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. त्यांचं वाकणं ही वेठ होती, आणि वेठीला दीनता म्हणणं हा आजोबांचाही अपमान आणि ख्रिस्ताचाही.

तेव्हा ‘मीच का?’ असं विचारल्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. मार्थेनेही विचारलं होतं. लूकच्या दहाव्या अध्यायात ती थेट प्रभूपुढे जाऊन उभी राहते: बहिणीने सगळं माझ्या एकटीवर टाकलंय, याचं तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? उपदेशात मार्थेला नेहमी झोडपतात. मला ती आवडते. ती मागे कुजबुजली नाही, ज्याला विचारायचं त्याला तोंडावर विचारलं. येशूने तिला कामावरून बोल लावला नाही. तिची पुष्कळ गोष्टींवरून चाललेली दगदग आणि बहीण मरीयेलाही त्यात ओढायचा आग्रह, एवढंच त्याने दाखवून दिलं. आणि पुढे योहानाच्या १२व्या अध्यायात, वल्हांडण या यहुदी सणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत पुन्हा जेवण आहे. तिथे मार्थेबद्दल अर्धं वाक्य येतं, ती वाढत होती. काम तेच, तक्रार नाही. मधल्या काळात तिच्या आत काय झालं ते शास्त्र सांगत नाही.

त्याच जेवणात मरीया मोलाचं सुगंधी तेल येशूच्या पायांना लावते आणि आपल्या केसांनी पाय पुसते. लगेच पुढच्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. हा क्रम मी कित्येक वर्षं पाहिलाच नव्हता. ज्याने सगळ्यांचे पाय धुतले त्याने थोडेच दिवस आधी एका बाईकडून आपले पाय पुसून घेतले होते. यहूदा इस्कर्योत हा शिष्य कुरकुरला, एवढ्या तेलाचे तीनशे दीनार आले असते म्हणाला, आणि येशू म्हणाला, तिला करू दे. येशू पाय धुवायला येतो तेव्हा पेत्राला नेमकं हेच जमत नाही. ‘माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत!’ ऐकायला केवढं नम्र वाटतं. येशूने ते ऐकून घेतलं नाही.

मीही पेत्राच्याच जातीची निघाले. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी, नुकतीच पास झालेली असावी, स्पंजिंगला आली. पस्तीस वर्षांत मी किती जणांना अंथरुणात आंघोळ घातली याचा हिशोब नाही, पण त्या मुलीने चादर बाजूला केली आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ‘तू राहू दे, मी करते’ चालूच. हात पाठीपर्यंत पोचत नव्हता तरी मी करते. शेवटी ती म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही पेशंट आहात ना?’ तेवढ्यावर माझा आवाज बंद झाला. तिने पाठ पुसली, बोटांमधली जागा कोरडी केली, पावडर लावली. मी भिंतीकडे तोंड करून रडले. इतकी वर्षं माझी सेवा निःस्वार्थ आहे असं मला वाटत होतं, आणि त्या सकाळी कळलं की पलंगाजवळ उभं असणारी व्हायला मला फार आवडत होतं. पलंगावर पडलेली व्हायला मुळीच नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांच्या सोवळ्याच्या गोष्टी आहेत. नवरा ख्रिस्ती झालेला, स्वतः मिशनच्या लोकांत राहायला आलेल्या, तरी बाईंचं स्वयंपाकपाणी वेगळं. ते सोवळं एका दिवसात सुटलं नाही, आणि पुढे त्याबद्दल लिहिताना त्यांनी स्वतःचीच यथेच्छ थट्टा केली आहे. पश्चात्तापाची भाषा कुणीही लिहितं. आपल्याच ढोंगाकडे बघून खळखळून हसणं मात्र फार थोड्यांना येतं, आणि मला ते दीनतेचं जास्त भरवशाचं लक्षण वाटतं. मी अजून शिकतेय.

म्हणून माझा पहिला सल्ला उलटा वाटेल: या महिन्यात कुणाची तरी मदत घे. खरी अडचण असलेल्या ठिकाणी, मागून घे. आजारी असशील तर कुणाला तरी डबा आणायला सांग, आणि आणला की ‘कशाला त्रास घेतलास’ असं पाच वेळा म्हणू नकोस. एकदा आभार मान आणि जेव.

दुसरं, विचारायची सवय. मार्कच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या वाटेच्या कडेला बसलेला आंधळा बार्तिमय येशूला ओरडून हाक मारतो. त्याला काय हवंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आपण कधी विचारतो? नाताळच्या सुमारास आमच्या मंडळीतली दहाबारा माणसं एका आजींकडे गेली. फळांची टोपली, दोन गीतं, लांबलचक प्रार्थना, मग पलंगाभोवती उभं राहून फोटो, तो लगेच ग्रुपवर. सगळे गेल्यावर मी मागे राहिले आणि विचारलं, आजी, काही करू का? त्या संकोचून म्हणाल्या, पायाची नखं वाढलीत, चादरीत अडकतात. नखं कापायला मला वीस मिनिटं लागली, कारण म्हाताऱ्या माणसाची नखं दगडासारखी असतात, आधी कोमट पाण्याने मऊ करावी लागतात. फळं त्यांना चावता येत नव्हती, ती शेजारच्या मुलांनी खाल्ली.

(फोटोबद्दल एक सांगते आणि सोडून देते. अंथरुणातल्या माणसाला न विचारता त्याचा फोटो काढू नये. एवढं पाळलं तरी निम्मी दीनता आपोआप येईल.)

आता तुझ्या मूळ दुखण्याकडे, म्हणजे कौतुक आवडतं आणि त्याची लाज वाटते. आवडू दे. कौतुक झालं की ‘थँक यू, बरं वाटलं’ म्हणावं आणि पुढच्या कामाला लागावं. ‘माझं काही नाही, सारं गौरव प्रभूला’ हे मनापासून येत असेल तर उत्तम. पण कौतुकाचा प्रसंग आणखी दोन मिनिटं लांबवायलाही ते वाक्य वापरलं जातं, हे तू पाहिलं असशीलच. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये म्हणतात. गंमत अशी की डावा हात टक लावून बसलाय का हे सारखं बघत राहिलं तरी लक्ष डाव्याकडेच राहतं.

मला या बाबतीत उपयोग झाला तो उपदेशांपेक्षा पायांचा. कुष्ठरोगाच्या वॉर्डात सकाळी पायांचं काम असायचं. १९८२ नंतर एमडीटीची, म्हणजे अनेक औषधं एकत्र द्यायच्या उपचाराची, औषधं आली आणि रोग बरा व्हायला लागला, पण ज्यांच्या पायाची संवेदना आधीच गेली होती ती परत आली नाही. असा माणूस निखाऱ्यावर उभा राहिला तरी त्याला कळत नाही. म्हणून पाणी किती गरम आहे ते आधी आपल्या कोपराने बघायचं. साध्या पाण्यात वीसेक मिनिटं पाय बुडवून ठेवायचे, घट्टे मऊ झाले की खरखरीत दगडाने हळूहळू घासायचे, पाय ओलसर असतानाच तेल लावायचं म्हणजे ओलावा कातडीत टिकतो. मग तळव्यावर बोट फिरवत कुठे गरम लागतंय का ते पाहायचं, कारण जखम फुटायच्या आधी तिथे ऊब जाणवते. हीच रीत मधुमेहाच्या पायाला चालत नाही. तो भिजवत ठेवायचा नाही, नुसता धुऊन बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या. हे सगळं ध्यानात ठेवून काम करताना ‘मी किती नम्र आहे’ हा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही. चुकलीस तर त्या माणसाचं बोट जातं.

आमच्याकडे पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो तेव्हा ज्यांची निवड झालेली असते ते घरून पाय घासूनपुसून, नवे मोजे घालून येतात. मला दरवर्षी हसू येतं. त्या विधीला मी कमी लेखत नाही. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी तो विधी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला, आणि पाय धुतलेल्या बारा जणांत मुलीही होत्या, मुस्लिमही. पण तू भांडी घासतेस ना, तीसुद्धा नीट घास. कढईच्या कानामागची काजळी निघाली का ते बघ. मन दीन झालंय की नाही ते तपासत बसण्यापेक्षा ते बरं.

दीन व्हायचं म्हणजे स्वतःला कमी करून घ्यायचं, अंगातली हुशारी झाकायची, असंही काही जण शिकवतात. पंडिता रमाबाईंकडे बघ. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. केडगावला मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली-बायकांचा संसार सांभाळताना त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, तेही मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी काम पुरं झालं. छपाई केडगावच्याच बायकांनी केली. आणि एवढ्या संस्कृत पंडितेने भाषा कोणती घेतली? जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला कळेल अशी. त्यांनी विद्या लपवली नाही, दोन भाषा शिकून वाढवली, आणि मग ती सगळी एका अडाणी बाईच्या हाताच्या उंचीवर आणून ठेवली. तुला मुलांना शिकवायला चांगलं येत असेल तर ‘मला कुठे काय येतं’ म्हणत भांड्यांमागे लपू नकोस. शब्बाथशाळा चांगली चालव.

गैरफायद्याचं काय, हा तुझ्या प्रश्नामागचा प्रश्न. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जातो, शिमोन पेत्र शोधत येऊन सांगतो की सगळे तुम्हाला शोधताहेत, आणि येशू म्हणतो, चला, दुसऱ्या गावांना जाऊ. कफर्णहूमच्या दाराशी त्या सकाळी आलेले आजारी तसेच राहिले असतील. त्याने सगळ्यांचं सगळं केलं नाही. तू येशूपेक्षा जास्त करायला निघाली असशील तर ती दीनता नाही. आम्ही नर्सा ड्यूटी संपली की पुढच्या सिस्टरला ‘ओव्हर’ देतो: कुठल्या बेडला काय चाललंय, कुठलं औषध द्यायचं राहिलं, कोण रात्री रडत होतं. ओव्हर नीट दिलं की घरी जाऊन झोपायचं. ज्या सिस्टरला वाटतं की माझ्याशिवाय वॉर्ड चालणार नाही, ती थोड्या वर्षांत रुग्णांवर खेकसायला लागते. मी दोन वर्षं तशी होते. तुझी सहा वर्षांची कामं एका वहीत लिही: किल्ल्या कुणाकडे, मोठी पातेली कुठून भाड्याने येतात, कोणत्या आजींना कोणत्या वारी भेटायचं. दुसऱ्या कुणाला उद्या तुझ्याविना करता आलं पाहिजे. बाप्तिस्मा करणारा योहान येशूबद्दल म्हणाला होता की त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. वही लिहिताना ते वाक्य थोडं टोचतं, टोचू दे.

आणि भांडी. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियम लिहिले, त्यातला ३५वा अध्याय स्वयंपाकघराचा आहे. सगळ्या बंधूंनी आठवड्याच्या पाळीने एकमेकांना वाढायचं. आजारी किंवा फार महत्त्वाच्या कामात गुंतलेल्यालाच सूट. जे अशक्त असतील त्यांना मदतनीस द्यायचे, म्हणजे कुढत काम करावं लागणार नाही. शनिवारी पाळी संपणाऱ्याने साफसफाई करायची, हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, भांडीकुंडी धडधाकट परत करायची, आणि पाळी संपणारा व सुरू होणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. दीनतेवरचा मोठा अध्यायही त्या नियमांत आहे, पण मला स्वयंपाकघराचाच जास्त पटतो. दीनता कुणा एकाच्या स्वभावावर सोडायची नाही, तिचा तक्ता लावायचा, हे त्या माणसाला पंधराशे वर्षांपूर्वी कळलं होतं. आणि ती पाळी सगळ्या मठातून फिरायची, एका वाड्यातून नव्हे.

तेव्हा पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना गाठ. चारचौघांत नको, एकटे असताना, आणि मार्थेसारखं सरळ बोल. भांड्यांचा वर्षाचा तक्ता करून घेऊन जा, आठवड्याला चार नावं, बाप्ये आणि बाया मिसळून. त्या कमिटीतल्या गृहस्थांचं नाव पहिल्या आठवड्यात घाल आणि त्याच आठवड्यात स्वतःचंही घाल. त्यांना कढई कशी घासतात ते दाखवावं लागेल. काथ्या आणि राख घेऊन जा, नुसत्या साबणाने काजळी निघत नाही.